खेडपर्यंतची तहान

आमच्या शाळेत त्यांना सगळे विक्षिप्त म्हणायचे, आणि म्हणताना कौतुकानं हसायचे. 'सर म्हणजे वल्ली आहेत', 'सरांचं सगळंच निराळं बाई.' एखाद्याला एकदा विक्षिप्त ठरवलं की त्याला किती गोष्टी माफ होतात, हे मी त्यांच्यामुळे शिकले. मी स्वतः त्यांना विक्षिप्त म्हणत नाही. काय म्हणते ते शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

ते इतिहास शिकवायचे आणि शाळेचे पर्यवेक्षकही होते. पी.टी.च्या सरांच्या गळ्यात शिट्टी नसायची, पण इतिहासाच्या या सरांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी असायची. शाळेची घंटा शिपाई त्याच्या मर्जीनं देतो आणि आपलं घड्याळ तेवढं बरोबर, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळे तास संपला की आधी त्यांची शिट्टी व्हायची आणि दोन मिनिटांनी घंटा. त्या दोन मिनिटांत पोरं वर्गात बसावं की बाहेर पळावं या घोळात असायची, आणि सर व्हरांड्यात उभे राहून पळणाऱ्यांनाही रागवायचे आणि बसणाऱ्यांनाही.

'याची नोंद घ्या' हे त्यांचं पेटंट वाक्य. चहा गार आला, याची नोंद घ्या. आज खडू मऊ आहे, याची नोंद घ्या. नोंद कुणी घ्यायची आणि कुठे, ते कधी कळलं नाही. पहिल्या आठवड्यात मी भाबडेपणानं वही उघडून खरंच लिहायला घेतलं, तेव्हा ते प्रसन्न झाले. पुढे वर्षभर त्यांची मर्जी माझ्यावर राहिली ती त्या वहीमुळे. मी नवी होते, प्रोबेशनवर होते, आणि मला कायम करायचं की नाही हे ठरवणाऱ्या अहवालावर त्यांची सही लागणार होती. वही मी मिटली नाही.

आणि त्यांचं ते पाणी. घरून ते फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून आणायचे आणि दिवसभर तेवढंच प्यायचे. "गंगेचं पाणी आहे. आम्हाला दुसरं सोसत नाही." नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात, पण सर ते असं म्हणायचे की जणू ती त्यांच्या परसातूनच निघते. खरं तर शाळेच्या टाकीत नगरपालिकेचं जे पाणी यायचं तेच त्यांच्या घरच्या नळाला यायचं. हे त्यांना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. शाळेच्या टाकीला बाकी सगळे ओंजळ लावायचे, पोरं, शिपाई, मी. सर लांबून बघायचे आणि तांब्याची फिरकी फिरवायचे.

दर दिवाळीच्या सुटीत ते शिक्षकांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन कोकणात सागरी किल्ले दाखवायला जायचे. प्रासंगिक करारावर एसटी ठरवायची, पंचेचाळीस माणसं, सहा दिवस. नेमकं मिनिटांत मांडलेलं वेळापत्रक ते सायक्लोस्टाइल करून वाटायचे. 'नारळ पाहणे, ५ मिनिटे' असं त्यात लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय.

आणीबाणी उठल्याला वर्ष झालं असेल, त्या वर्षी तो कागद मी घरी आणला आणि आईला वाचून दाखवला. माझी आई सायखेड्याची. वडील गेल्यावर विड्या वळून तिनं मला डी.एड. केलं. तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी कागदावरचं 'श्रीवर्धन, म्हसळा, महाडमार्गे खेड, दापोली' हे वाक्य ऐकून तिनं हातातली सुपली खाली ठेवली.

"महाडावरनं जाती का गाडी?"

"जाते. थांबत नाही."

"मंग थांबवाया सांग. मला तळ्यावर जायचंय. एक घोट प्यायचाय, बस."

तिच्या वडिलांनी तिला त्या तळ्याची गोष्ट लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की पायऱ्यासुद्धा तिला पाठ होत्या. ज्या पाण्याला जनावरांनी तोंड लावलेलं चालायचं आणि आपल्या माणसांनी हात लावला तर डोकी फुटायची, ते पाणी आपल्या माणसांनी हातात घेऊन प्यायलं, ती गोष्ट. आजोबांना स्वतःला कधी जाता आलं नाही. त्यांच्या वाटचा घोट आईनं आपल्याकडे घेऊन ठेवला होता.

मी तिला हो म्हणाले, पण सरांना खरं कारण सांगता येणार नव्हतं. कारण आम्ही कोण ते शाळेत कुणाला माहीत नव्हतं. आमचं आडनाव असं की ते कुठल्याही घरात चालून जावं. कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. आमच्या वसाहतीचं नावसुद्धा मी स्टाफरूममध्ये घेत नसे, नुसतं 'नाशिकरोडच्या बाजूला' म्हणायचे. तेव्हा सरांपुढे जाऊन मी खोटं बोलले. आईला लांबचा प्रवास सोसत नाही, तेव्हा महाडला जरा पाय मोकळे करायला मिळतील का, असं विचारलं.

"महाडला बघण्यासारखं काही नाही, बाई," सर म्हणाले. "रायगड आपण दोन वर्षांपूर्वीच केला." रायगड केला. ते किल्ले बघत नसत, करत असत. पण वही कामाला आली. त्यांनी लाल पेनानं वेळापत्रकात भर घातली, 'महाड, पाय मोकळे करणे, १० मिनिटे.' मी तो कागद घरी नेला. आईला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो घडी घालून पिशवीत ठेवला. सोबत एक कडीचा डबा, रिकामा, घासून लख्ख केलेला.

अलिबागपासून खाली निघालो तसा समुद्र सारखा खिडकीत यायचा. आम्ही नव्या मंडळींनी तो पहिल्यांदाच पाहिलेला. कुणी नुसतं 'अगंबाई' म्हणालं की शिट्टी व्हायची. "समुद्र काय बघता? ते पाणी आहे. तटाकडे बघा!" सुरूच्या बनात, पांढऱ्या वाळूवर, लाटा पायाशी येत असताना आम्ही पंचेचाळीस माणसं समुद्राकडे पाठ करून उभी असायचो आणि सर बुरुजाची रुंदी आपल्या पावलांनी मोजून आम्हाला लिहून घ्यायला लावायचे. एका ठिकाणी पस्तीस पावलं भरली, परत मोजली तर अडतीस. दोन्ही लिहून घ्यायला सांगितलं. कुणाची बायको लाटेत पाय बुडवून आली तर तिचं नाव गाडीत सगळ्यांसमोर पुकारलं जायचं. भूगोलाचे एक सर पन्नाशीचे गृहस्थ, त्यांना शंख गोळा करताना पकडलं, आणि त्यांनी ते शंख शाळकरी पोरासारखे मुकाट्यानं टाकून दिले. याला सगळे विक्षिप्तपणा म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचे.

चौथ्या दिवशीच्या किल्ल्यावर ओहोटीत चालत जायचं होतं. किनाऱ्यापासून खडकावर अर्धा मैल, मध्ये ओली वाळू. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेला एक कोळी म्हणाला, "बेगीन या हो. भरती लागली का वाट बंद."

"आम्ही नाशिकचे आहोत," सर म्हणाले. "पूर आम्हाला शिकवू नका."

आता नाशिकचा पूर म्हणजे काय, तर धरणातून पाणी सुटतं आणि गंगेतला दुतोंड्या मारुती बुडायला लागतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं, असं सगळं गाव त्या मारुतीकडे बघून पूर मोजतं. सरांनी तोच हिशेब समुद्राला लावला. किल्ल्याच्या समुद्राकडच्या अंगाला एक उंच काळा खडक होता, त्याला त्यांनी आमच्यादेखत मारुती नेमला. "याच्या कमरेला पाणी लागलं की मी शिट्टी देईन. तेव्हा निघायचं. याची नोंद घ्या." आणि स्वतः तटावर त्या खडकावर नजर लावून उभे राहिले, समुद्राकडे तोंड करून. सहलीत पहिल्यांदाच.

तासाभरानं आई माझ्याजवळ आली. "आगं, पाणी मागनं भरतंय."

मी मागे बघितलं. खडकाच्या गुडघ्यालाही अजून पाणी लागलं नव्हतं, पण किनारा आणि किल्ला यांच्यामधली सखल वाळू चकाकायला लागली होती. आई सायखेड्याची, ऐन नदीकाठची. तिनं पावसाळे काढलेले. गंगा काठ चढायच्या आधी गावामागचा ओढा उलटा फुगतो आणि वाट आधी तिकडून तुटते, हे तिला ठाऊक होतं. ती सरळ सरांकडे गेली.

"सर, मागली वाट चाललीया."

"तुम्ही जरा खाली बसा हो," सर मान न वळवता म्हणाले. "मारुतीच्या कमरेला अजून लागलेलं नाही."

लागलं तेव्हा शिट्टी वाजली. शिस्तीत, दोन-दोनच्या ओळीत आम्ही दरवाजाशी आलो, तर समोर समुद्र. वाळूच्या जागी छातीएवढं पाणी आणि पलीकडे किनाऱ्यावर तोच कोळी, हात कमरेवर ठेवून. मग त्यानं त्याची होडी काढली आणि पाच खेपांत आम्हाला पलीकडे नेलं. साड्या भिजल्या, चपला गेल्या, इंग्रजीच्या बाई रडल्या. सरांनी सोबत आणलेला नाशिकच्या पाण्याचा मोठा कॅन होडीत चढवताना समुद्रात गेला. तो लाटांवर डुलत चाललेला सर बघत राहिले, तेवढा वेळ मात्र शिट्टी तोंडात नव्हती. आईचं म्हणणं खरं होतं, हे त्यांनी शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही. उलट गाडीत सांगितलं की इथल्या भरतीला शिस्त नाही.

त्या घोटाळ्यात अर्धा दिवस गेला. पुढचे किल्ले उरकायचे म्हणून दुसऱ्या सकाळी सरांनी 'सुधारित कार्यक्रम' वाचून दाखवला. मी ऐकत होते. "महाड, रद्द. थेट खेड." काखेतल्या तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं, ते त्यांनी वाचून झाल्यावर पिऊन टाकलं. आदल्या संध्याकाळपासून ते शहाळ्यावर होते.

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला कार्यक्रम कळला होता. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मनात वाक्यं जुळवत होते, की सर, आपण लिहून दिलं होतं, सर, दहाच मिनिटं. सगळी वाक्यं नीट जुळत होती आणि एकही तोंडातून निघत नव्हतं. माझा अहवाल डिसेंबरात जाणार होता.

माणगाव मागे पडलं, ऊन चढलं. महाडची पाटी दिसली तेव्हा आई उठली. चालत्या गाडीत दांडे धरत, एक एक सीट ओलांडत ती ड्रायव्हरपाशी गेली. ड्रायव्हर निफाडकडचा होता, जाडा, पाच दिवसांत त्या शिट्टीला विटलेला.

"दादा, हितं थांबव ना जरा. तळ्यापाशी."

ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. त्याला काय कळलं आणि किती, मला माहीत नाही.

"बाई, जागेवर बसा!" मागून सर ओरडले आणि शिट्टी वाजवली.

"इंजिन लय तापलंय साहेब," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "पाणी टाकल्याबिगर एक फूट हलायची नाय. मावशी, बसा हितं पुढं, दाखवतो तुम्हाला तळं." आणि त्यानं गाडी हमरस्ता सोडून सरळ गावात वळवली.

सगळे खाली उतरले. चहाच्या टपरीच्या सावलीत स्टाफ उभा राहिला आणि मीही त्यांच्यातच उभी राहिले. ड्रायव्हर बादली घेऊन गेला, त्याच्यामागे आई. लांबून मला तिची पाठ दिसत होती. पायऱ्या उतरताना ती मोजत असावी, कारण प्रत्येक पायरीवर ती जराशी थांबत होती. खाली टेकली, हात जोडले, ओंजळ भरली. पाणी प्यायली तेव्हा तिचा पदर खांद्यावरून घसरला, तो तिनं डबा भरून होईपर्यंत सावरलाही नाही. माझ्या शेजारी उभ्या इंग्रजीच्या बाई एवढंच म्हणाल्या, "अच्छा, ते तळं होय."  

गाडीच्या रेडिएटरनं तळ्याचं बादलीभर पाणी गटागट घेतलं. आम्ही परत चढलो. सर पहिल्या सीटवर घड्याळ हातात धरून बसले होते. ओठ पांढरे पडून चिरले होते. आई चढली, आणि तिला त्यांचे ओठ दिसले. माझ्या आईच्या मनात त्या वेळी दुसरं काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. सकाळपासून हा माणूस पाण्यावाचून आहे, एवढंच. तिनं डब्याचं झाकण भरून त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या सर. तुमचं गंगेचं सपलं ना? हे बी गोड हाय."

 पंचेचाळीस माणसं बघत होती. हा माणूस पाच दिवस आम्हाला इतिहास दाखवत होता, ढासळलेल्या भिंती पावलांनी मोजत होता, आणि आता इतिहास त्याच्या नाकासमोर झाकणात भरून धरलेला होता. त्यांनी झाकणाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या बघण्यात सगळं होतं. माझं आडनाव, माझी वही, नाशिकरोडची बाजू, सगळं त्यांनी एका क्षणात लावलं.

"मला तहान नाही," ते म्हणाले. त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती, शब्द नीट फुटतसुद्धा नव्हते. मग त्यांनी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, तर नुसती हवा आली.

मी कायम झाले. डिसेंबरातल्या अहवालात त्यांनी 'शिस्तप्रिय व आज्ञाधारक' असं लिहिलं. माझ्याशी वागणं रेसभर बदललं नाही, फक्त 'याची नोंद घ्या' म्हणताना माझ्याकडे बघायचे बंद झाले.

सात-आठ वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला. एकेक जण उठून सरांचे किस्से सांगत होता. शिट्टी आणि घंटा, पस्तीस की अडतीस पावलं, समुद्रातला मारुती. मग भूगोलाच्या सरांनी सांगितलं की सरांचं नाशिकच्या पाण्यावर एवढं प्रेम, एवढं प्रेम, की एकदा ते महाडपासून खेडपर्यंत तसेच तहानलेले बसून आले, पण दुसरं पाणी म्हणून घेतलं नाही! हॉल हसून लोळला. सरही खाली मान घालून हसले. कुठलं पाणी, कुणी दिलं, हे कुणी विचारलं नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते सगळ्यात जास्त हसले. विक्षिप्त माणूस, दुसरं काय! आजही कुणी मला विचारलं की ती खोड होती की दुसरं काही, तर सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नाही. त्यांनी आयुष्यभर तांब्याची फिरकी फिरवून ठेवली होती ती याचसाठी, असं मला वाटतं. पण मला वाटतं, एवढंच.

माझ्यावर बोलायची पाळी आली तेव्हा मीही मारुतीचा किस्सा सांगितला. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आईला सांगितला, तीही हसली. "मानूस हेकट व्हता," म्हणाली, "पर उनात लय सुकला बिचारा." तेवढंच. माझ्याबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही, आधी कधी बोलली नव्हती आणि नंतरही बोलली नाही.

मी या माणसाला इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत आले आहे, आणि त्यातली एकही परत घेणार नाही. पण त्या गाडीत पुढे काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सरांनी नको म्हटल्यावर आई झाकण सांडू न देता दांड्याला धरत माझ्या सीटपाशी आली. पाणी अजून काठोकाठ होतं. तिनं ते माझ्यापुढे धरलं. तिच्या तोंडावर इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता. सगळी गाडी आता माझ्याकडे वळून बघत होती, सरसुद्धा.

"मला तहान नाही," मी म्हणाले.

आईनं झाकण क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग स्वतः प्यायली, डब्याला कडी लावली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. पुढे घाट लागला, ऊन आणखी तापलं. थोड्या वेळानं मागून कुणीतरी म्हणालं, मावशी, जरा पाणी द्या हो. मग दुसऱ्यानं मागितलं, मग इंग्रजीच्या बाईंनी. आईनं डबा मागे दिला, तो हातोहात फिरून रिकामा होऊन परत आला. खेड येईपर्यंत त्या गाडीत घशाला कोरड पडलेले दोघंच उरलो होतो, सर आणि मी.